लेकॉकला मुक्काम करण्याआधी

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला आलेल्या आईवडिलांना लंडन दाखवून झालं, की पुढचा बेत ठरतो तो एखाद्या जुन्या खेड्याचा. विल्टशरमधलं लेकॉक त्या यादीत वरच असतं. बाथ आणि स्टोनहेंजच्या सहलींच्या बसगाड्या तिथे तासा-दीड तासासाठी थांबतात. लोक फोटो काढतात, चहा पितात आणि निघतात. माझं मत असं, की लेकॉकला जायचं तर मुक्कामाला जावं. मात्र सोबत वयस्कर माणसं असतील, तर आधी काय विचारून घ्यायचं हे माहीत हवं. माझ्या वडिलांना एक अख्खी रात्र खुर्चीत काढावी लागली, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही रेडिंगला राहतो. तिथून चिपनमला थेट गाडी आहे आणि चिपनमहून लेकॉक पाचेक किलोमीटर. बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. खोली घेतानाच मी फोनवर हे सांगितलं होतं आणि तळमजल्यावरची खोली देतो, असा शब्दही मिळाला होता. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा ती खोली दुसऱ्याच पाहुण्यांना दिलेली होती. आमची खोली वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, लाकडी, मधेच वळणारा. पायऱ्या उंच आणि आधाराला कठडा एकाच बाजूला. बाबा तीन पायऱ्या चढले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा संकोच जास्त होता. आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होतोय, असं त्यांना वाटत होतं. मला त्याचंच फार वाईट वाटलं. गावातल्या बाकीच्या खोल्या भरलेल्या, रात्री टॅक्सी मिळेना. शेवटी खालच्या बैठकीत शेकोटीशेजारच्या आरामखुर्चीवर त्यांची सोय केली. आईही खालीच बसून राहिली.

दिलेला शब्द पाळला गेला नाही, याचा राग आजही आहे. पण लिफ्ट का नाही, जिना रुंद का करत नाहीत, हे प्रश्न तिथे विचारून उपयोग नसतो. लेकॉकमधली कितीतरी घरं काही शतकं जुनी, लाकडी सांगाड्याची किंवा चुनखडी दगडाची आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. संरक्षित इमारतीचं रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली, जमिनी उंचसखल, स्नानगृह मिळेल त्या कोपऱ्यात बसवलेलं, हे सगळं गृहीतच धरायचं.

लेकॉक एवढं जुनं राहिलं, त्यालाही कारण आहे. इथला मठ सॅलिसबरीची काउंटेस एला हिने तेराव्या शतकात स्थापन केला. लोकरीच्या व्यापारावर गाव भरभराटीला आलं. पुढे मठाची वास्तू आणि जवळपास सगळं गाव टॅलबट घराण्याकडे राहिलं आणि 1944 साली माटिल्डा टॅलबट यांनी ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. छपरांवर अँटेना दिसत नाहीत, रस्त्यावरून तारा गेलेल्या नाहीत, म्हणून इथे चित्रपटवाले येतात. हॅरी पॉटरचे काही प्रसंग मठाच्या ओवऱ्यांमध्ये चित्रित झाले आहेत. मला स्वतःला ओढ होती ती मठातल्या एका लहानशा खिडकीची. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये त्या खिडकीचं छायाचित्र घेतलं आणि उपलब्ध असलेली कॅमेऱ्याची सर्वांत जुनी निगेटिव्ह तीच मानली जाते. दुसऱ्या दिवशी बाबा त्या खिडकीसमोर बराच वेळ उभे होते. तरुणपणी त्यांनी घरातल्या मोरीत अंधार करून फोटो धुतले आहेत.

मुक्काम का करायचा, तर संध्याकाळसाठी. बसगाड्या गेल्या की गाव गावकऱ्यांचं होतं. कुणी कुत्रं फिरवायला निघतं, कुणी कुंड्यांना पाणी घालतं. ही माणसं भाडं भरून त्या घरांत राहतात. सिनेमात दिसलेल्या घराच्या खिडकीला नाक लावून आत बघणारे पर्यटक मी पाहिले आहेत. आपल्या वाड्याच्या ओटीवर अनोळखी माणूस असा चढून आत डोकावला, तर आपल्याला चालेल का? फोटो रस्त्यावरून काढावेत, दारात उभं राहून नव्हे. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावरच लावावी. आतले रस्ते अरुंद आहेत आणि राहणाऱ्यांची त्याने फार अडचण होते.

जेवणाचंही आधी बघावं. पबचं स्वयंपाकघर रात्री साधारण नवाला बंद होतं आणि रविवारी संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल पेटतच नाही. शाकाहारी पदार्थ असतात, पण चिप्स कशात तळले आहेत हे विचारावं. काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. आम्ही नेलेल्या दशम्या आणि चटणी त्या रात्री कामी आल्या. रात्री बस मिळेल, असं धरून चालू नये. परतीची टॅक्सी चिपनमहून आधीच सांगून ठेवावी. औषधं जास्तीची न्यावीत. तातडी नसलेल्या दुखण्यासाठी 111 आणि जिवावरच्या प्रसंगासाठी 999, हे दोन क्रमांक आईवडिलांच्या फोनमध्येही असू द्यावेत.

आणि पैसे भरण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी ईमेल करा. खोली नक्की कोणत्या मजल्यावर, वाटेत पायऱ्या किती, कठडा आहे का, स्नानगृहात टबमध्ये पाय उचलून जावं लागतं का, हे एकेक विचारा आणि जिन्याचा फोटो मागवा. तळमजल्याची खोली तुमच्या नावावर ठेवल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत आरक्षण करू नका. फोनवरच्या शब्दावर आईवडिलांना घेऊन जाऊ नका.