अनवाणी

पहाटेची वेळ. एक शेतकरी रानाकडे निघाला आहे. शेजारचे काका विचारतात, "अनवाणीच निघालास व्हय रे?"

"रानात तर जायलोय काका. चप्पल कशाला?"

अनवाणी हा शब्द आपण नेहमी बोलतो. त्याचा अर्थ पाहू.

संस्कृतात पायताणाला 'उपानह' म्हणतात. त्यावरूनच आपला 'वहाण' शब्द झाला. 'अन्' म्हणजे नाही. ज्याच्या पायांत वहाण नाही, तो अनवाणी. इंग्रजीत यालाच 'बेअरफूट' म्हणतात. 'बेअर' म्हणजे उघडे, 'फूट' म्हणजे पाऊल. जमीन, भिंत मोजताना आपण म्हणतो तो 'फूट' हाच.

शब्द एक, पण अनवाणी असण्याची कारणे निराळी.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गरीब-श्रीमंत सारेच पायताण काढून आत जातात. लातूरकडची कितीतरी माणसे नवरात्राच्या दिवसांत तुळजापूरला अनवाणी चालत जातात. हे श्रद्धेचे अनवाणीपण. चपलेला पैसा नाही म्हणून जो अनवाणी चालतो, त्याचे मात्र नाइलाजाचे.

या शब्दाला आणखी एक अर्थ आला. १९६० नंतर चीनमध्ये शेतकऱ्यांनाच थोडे शिक्षण देऊन गावात औषधपाणी करायला नेमले. भाताच्या चिखलात उघड्या पायांनी राबणारी ही माणसे. म्हणून त्यांना 'अनवाणी डॉक्टर' म्हणू लागले. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी गावे सुधारली.

अशी एखादी बाई त्या शेतकऱ्याला भेटली, तर काय म्हणेल? ती म्हणेल, "बाबा, रान म्हणजे देऊळ नव्हे. तिथं पायांत घालूनच जा."

कारण तुरीचे धसकट पायात घुसते. त्यातून धनुर्वात होऊ शकतो. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात, तिथल्या ओल्या मातीत अंकुशकृमीची बारीक पिले असतात. ती तळपायाच्या कातडीतून अंगात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. माणूस फिका पडतो, त्याला दम लागतो. ज्याला शुगर आहे, त्याला कधी कधी पायाची जखम कळतच नाही. ती चिघळते आणि पाय कापायची पाळी येते. सोयाबीनच्या दाट पिकात घोणस दिसत नाही. साप बहुधा पायालाच चावतो. चावलाच तर जखम चिरू नये, पाय करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तडक सरकारी दवाखाना गाठावा.

देवापुढे आपण आपल्या मनाने अनवाणी होतो. रानात मात्र पाय झाकणारे बूट घालावेत. बूट नसतील, तर निदान चप्पल तरी घालावी. पाय शाबूत, तर संसार शाबूत.

सांगा पाहू :
१. 'अनवाणी' शब्द कसा झाला?
२. तुमच्या घरात रानात अनवाणी कोण जाते? का जाते?