आधी कूलर बंद कर, मग दुकानात जा

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कूलरच्या ताट्या बदलत होतो. हात ओले, अर्धं ऐकू आलं, पण मुद्दा कळला. जुना होम थिएटर भंगारवाल्याला द्यायचा आणि अक्षय्यतृतीयेला नवा आणायचा, छतातून पाऊस पडल्यासारखा आवाज येणारा. मामाने फक्त हो म्हणायचं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खाली येऊन कूलर सुरू केला आणि त्याची घरघर ऐकत बसलो. बाबू, तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या घरघरीतच आहे.

आपल्या नागपूरच्या नंदनवनात एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत खिडकीत लोखंडी कूलर फिरतो. त्याच्यासमोर दोन माणसं बोलायची म्हटली तरी गळा ताणावा लागतो. त्यात तू ऐकणार काय, तर हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की डाव्या खांद्यावरून? म्हणून पहिली गोष्ट फुकटची सांगतो. एक दिवस कूलर बंद कर, पंखा बंद कर, घाम येऊ दे आणि तुझाच जुना संच दहा मिनिटं ऐक. काय खटकतं ते कागदावर लिही. दोष यंत्राचा आहे की खोलीचा, हे कळल्याशिवाय सीताबर्डीच्या दुकानांकडे गाडी वळवू नको.

मी काही या धंद्यातला माणूस नाही. नाद मात्र जुना. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 चं. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि बाबा सोडून कोणी त्याला हात लावायचा नाही. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसायची. त्या टीव्हीला एकच कर्णा होता, तोही बाजूला. आवाज मागून काहून येत नाही, असं कोणी विचारलं नाही.

स्पीकर ही वस्तू लवकर जुनी होत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. चुंबकात तारेची गुंडाळी, तिला चिकटलेला कागदी शंकू, वीज आली की शंकू हलतो. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन इंजिनिअरांनी 1925 मध्ये मांडलेला हा प्रकार आज शंभर वर्षांनंतरही बहुतेक डब्यांत तसाच आहे. बदललं ते डब्याच्या अलीकडचं: आवाज कुठून येतो, कोणत्या तारेतून येतो, त्याची उकल कोण करतं. तू पाचही स्पीकर फेकायला निघाला ते या अलीकडच्या पेटीपायी, म्हणजे अॅम्प्लिफायरपायी.

पण स्पीकर म्हातारे होतात, तेही पाहून घे. जाळी काढ आणि शंकूच्या कडेची गोल पट्टी बोटाने हळूच दाब. रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, आणि कूलरचा ओला वारा थेट अंगावर येत असेल तर बघायलाच नको. भुगा झाली तरी रडू नको, पट्टी बदलून मिळते. जुन्या मुलखातला दुरुस्तीवाला शोध, स्पीकरचा घेर इंचात सांग, तो समजतो.

अॅम्प्लिफायरचं दुखणं वेगळं. त्यातले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. आता विचार कर. बाहेर 45 अंश, आत शोकेसचं काचेचं दार लावलेलं, आणि वर मामीने विणलेला रुमाल घातलेला. तो रुमाल आधी काढ. पेटीच्या वर वीतभर जागा मोकळी सोड. नवी घेतलीस तरी हेच.

आता तुझ्या पेटीत एचडीएमआय नाही, म्हणून ती निकामी झाली असं तुला कोणीतरी सांगितलं. पाठीमागे बॅटरी घेऊन बघ. चौकोनी झडप असलेलं एक छोटं भोक सापडेल. ऑप्टिकल. टीव्हीला तसंच, लाल प्रकाश येणारं भोक असेल तर काही शे रुपयांच्या तारेत पाच स्पीकर आणि वूफरचा डॉल्बी डिजिटल आवाज आजही तुझ्या जुन्या पेटीत पोचतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' सोडून 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'ऑटो' निवड, एवढंच. पीसीएमवर राहिलं तर फक्त दोन स्पीकरांचा माल जातो. कित्येक घरी मागचे स्पीकर वर्षानुवर्षं मुके बसलेत ते एवढ्यापायी, आणि लोक नवा संच आणून राहिले.

ऑप्टिकलमधून जात नाही ते अॅटमॉस, म्हणजे तुझा तो छतातला पाऊस. 2012 मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटापासून थिएटरात आलेली ही पद्धत खरोखर वेगळी आहे, खोटं बोलणार नाही. पूर्वी आवाज ठरावीक स्पीकरांसाठी बांधलेला असायचा. यात आवाजाबरोबर त्याची जागाही पाठवतात आणि तुझी पेटी घरचे स्पीकर बघून वाटणी करते. पण तुझ्याकडे तो येणार मोबाइल कंपनीच्या नेटवरून, दाबून बारीक केलेला. डिस्कवरचा पूर्ण आवाज हवा तर डिस्क आणि प्लेअर लागतो, आणि टीव्हीतून पेटीत न्यायचा असेल तर ई-एआरसीची सोय असलेलं एचडीएमआय. आणि ते 'छताला आपटून येणारे' स्पीकर सपाट, टणक आणि फार उंच नसलेल्या छतालाच मानवतात. तुझ्या स्लॅबला चालतील. तुझ्या सासऱ्यांच्या वाठोड्याच्या पत्र्याच्या घरी लावायचा विचार असेल तर मात्र पैसे मलाच दे.

आणि बघतोस काय हेही बघ. 1972 चा 'पिंजरा' लावलास तर त्या काळचा आवाज एका मार्गाचा, सात काय नि अकरा काय. क्रिकेट आणि बातम्यांनाही एवढे स्पीकर लागत नाहीत.

तुझी खरी तक्रार मला ठाऊक आहे, ती तू फोनवर शेवटी पुटपुटलास: संवाद कळत नाहीत, मारामारीचा आवाज मात्र शेजारच्यांनाही ऐकू येतो. याला नवा संच लागत नाही. 'झुंड' लाव, 2022 चा. हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेला, आपल्याच शहरात चित्रित झालेला. त्यातली पोरं नागपुरी बोलतात. नागपूरकराला नागपुरी बोली कळली नाही तर गडबड सेंटर स्पीकरची आहे. तुझा सेंटर मी पाहिलाय, टीव्हीखालच्या कप्प्यात, आत सरकवलेला, पुढे गणपती आणि दोन क्रिकेटचे कप. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढ, तोंड थोडं वर, कानाच्या दिशेने कर. पेटीत सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढव. रात्री 'नाइट' किंवा 'मिडनाइट' नावाचं बटण लाव. ते मोठा आवाज दाबतं आणि कुजबुज वर आणतं. सरकारी नियमाने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या प्लॉटांच्या भिंतीला भिंत लागलेली, तेव्हा नियम नसता तरी बटण लावायचंच.

वूफरची गोष्ट माझ्या फजितीची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी हजारो वॅट लिहिलेला डबा उचलून आणला. तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या धडाक्याचा. कामाचा आकडा आरएमएस, तो मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होता. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, हेही मला नंतर कळलं. तर तो डबा मी कोपऱ्यात ठेवला आणि खोली अशी घुमायला लागली की मामी म्हणाली, "गाणं ऐकून राहिलो का पिठाची गिरणी?" दहा फुटांच्या खोलीत साधारण 57 हर्ट्झचा आवाज भिंतीभिंतीत अडकून फुगतो, तुझीही खोली तेवढीच. यावर एक उपाय आहे, दिसायला बह्याड, पण अचूक. वूफर उचलून सोफ्यावर, तू बसतोस तिथे ठेव. ढोलकीचं एखादं गाणं लाव. मग खोलीभर रांगत फिर. जिथे ठोका गोळीबंद ऐकू येईल तिथे वूफरची जागा. मी रांगत असताना दूधवाला दारात आला होता. त्याने हिशेब न मागताच काढता पाय घेतला.

टीव्हीचं म्हणशील तर थोडक्यात. नऊ फुटांवरून 43 इंची साधा फुल एचडी आणि फोर-के यांतला बारीकपणा डोळ्याला वेगळा करता येत नाही. 65 इंचांच्या पुढे फरक दिसू लागतो. गडद काळा रंग आणि उजेडाचा पल्ला हा फरक मात्र कोणत्याही आकारात दिसतो, तो बघून घे. 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर आधी इथे. टीव्हीतली अॅप रेंगाळतात म्हणून टीव्ही बदलू नको, मागे एक स्टिक खोच.

नवं घ्यावंच अशी वेळ येते, नाही असं नाही. तुझ्या धाकट्या भावाकडे आहे तसा डीव्हीडीसकट सगळं एकात असलेला संच, ज्याचे प्लग जगावेगळे आणि स्पीकर तीन ओहमचे, तो एकदा बसला की बसला. दुसरं काही त्याला जुळत नाही. त्याला खुशाल मारबतीबरोबर धाड. त्याच्या जागी बरा साउंडबार चालेल, फक्त मागचे स्पीकर 'वायरलेस' म्हणाले तरी बहुतेक वेळा त्यांना विजेचा प्लग लागतोच, हे दुकानदार सांगत नाही.

तुझ्याबाबतीत मी असं करीन. स्पीकर ठेवीन. पेटी बदलावीशी वाटलीच तर तीच एक बदलीन, आणि ती माइक देऊन खोली मोजणारी घेईन. गेल्या वीस वर्षांत घरात खरोखर कामाची अशी मला हीच एक गोष्ट वाटते. दुकानात ऐकताना आपला चित्रपट आपण न्यायचा आणि दोन्ही संच सारख्याच आवाजावर लावायला लावायचे; जो जोरात वाजतो तो कानाला गोड लागतोच, विकणाऱ्याला ते माहीत असतं. माझ्या कानावर फार विसंबू नको. सत्तरीत वरच्या पट्टीतली झांज मला ऐकू येत नाही, तू सोबत पोरीला ने. तिला येते.

रविवारी ये. येताना मोजपट्टी आण, बॅटरी आण, त्या पेटीचं माहितीपुस्तक सापडलं तर तेही. मामीला सांगून ठेवलंय, दोन तास कूलर बंद राहील. तिने तर्रीपोह्याचं कबूल केलंय, पण रांगायचं असेल तर पोहे नंतर.