टांचेची कंडरा आणि औषधाची गोळी

विद्यार्थिमित्रहो, घोट्याच्या मागें, टांचेच्या किंचित् वर, बोटांच्या चिमटींत धरून पाहिलें असतां एक जाड व ताठ दोरी हातास लागते. पुष्कळ लोक तिला शीर म्हणतात. परंतु ती रक्तवाहिनी नव्हे. स्नायूस हाडाशीं बांधणाऱ्या अशा दोरीस शरीरशास्त्रांत कंडरा असें नांव आहे. पोटरीचे स्नायू आखडले कीं ही कंडरा टांचेचें हाड वर ओढते, आणि आपण चवड्यांवर उभे राहतों, जिना चढतों, धांवतों. शरीरांतील सर्व कंडरांत ही अत्यंत जाड व बळकट असून धांवतांना तिजवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण पडतो. ग्रीक पुराणांतील अकिलीज या वीरास त्याच्या मातेनें टांच धरून स्टिक्स नदींत बुडविलें, आणि म्हणून तेवढी टांचच काय ती दुर्बळ राहिली, अशी कथा आहे. तिजवरून पाश्चात्त्य वैद्यकांत या कंडरेस त्या वीराचेंच नांव पडलें. अशी ही बळकट दोरी दुखूं लागण्यास, आणि क्वचित् तुटण्यासही, तापाखोकल्यासाठीं घेतलेली एखादी गोळी कारण होऊं शकते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

रोगजंतूंस मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबविणाऱ्या औषधांस प्रतिजैविकें म्हणतात. नेहमींच्या बोलण्यांत आपण त्यांस अँटिबायोटिक म्हणतों. त्यांचीं अनेक कुळें आहेत. आम्ही ज्या दोषाविषयीं लिहीत आहों तो मुख्यतः एका कुळाचा आहे. त्या कुळाचें नांव फ्लुओरोक्विनोलोन. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हीं त्यांतील परिचित औषधें होत. त्यांस ओळखण्याची खूण सोपी आहे: नांवाच्या शेवटीं ‘फ्लॉक्सासिन’ हीं अक्षरें येतात. गोळ्यांच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत व्यापारी नांव असतें, त्याकडे न पाहतां खालीं बारीक अक्षरांत छापलेलें मूळ नांव वाचावें. कांहीं गोळ्यांत दोन औषधें एकत्र असतात. जुलाबावर आपल्याकडे वारंवार दिल्या जाणाऱ्या एका गोळींत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल असा जोड असतो.

या कुळाचा इतिहासही मनोरंजक आहे. हिंवतापावरील क्लोरोक्वीन हें औषध तयार करतांना जें एक उपद्रव्य हातीं लागलें, त्यावरून नॅलिडिक्सिक ॲसिड हें पहिलें औषध निघालें व १९६२ सालीं तें प्रसिद्ध झालें. पुढें त्या रचनेंत फ्लोरीनचा अणु बसवून अधिक प्रभावी औषधें बनविण्यांत आलीं. १९८३ सालीं न्यूझीलंडमधील डॉक्टरांनीं नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्या रुग्णांच्या टांचेच्या कंडरेस सूज व वेदना आल्याची नोंद प्रसिद्ध केली. तशाच नोंदी इतर देशांतूनही येत गेल्या, आणि २००८ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें या कुळांतील औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटींत ठळक इशारा छापण्याची आज्ञा दिली. २०१६ सालीं त्याच खात्यानें असें सुचविलें कीं, साधें सायनसचें दुखणें, छातींतील साधा कफविकार आणि मूत्रमार्गाचा साधा जंतुसंसर्ग यांवर दुसरें औषध चालण्यासारखें असल्यास हीं देऊं नयेत. युरोपीय औषध-संस्थेनेंही २०१८ सालीं अशाच मर्यादा घातल्या.

रोगजंतूंस मारणारें औषध कंडरेस कां बाधावें? कंडरा ही कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट वळलेली दोरी आहे, व त्या तंतूंची डागडुजी तिच्यांतील पेशी करीत असतात. हीं औषधें त्या पेशींस इजा करतात आणि कोलॅजेन मोडणाऱ्या द्रव्यांचें प्रमाण वाढवितात, असें प्रयोगशाळेंतील अभ्यासांत आढळून आलें आहे. म्हणजे दोरी झिजण्याचा वेग वाढतो आणि ती दुरुस्त होण्याचा वेग मंदावतो. त्यांत टांचेच्या वरच्या भागांत या कंडरेस रक्ताचा पुरवठा मुळांतच कमी. म्हणून तेथील इजा सावकाश भरून येते.

बहुसंख्य रुग्णांस हा त्रास होत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु कांहीं लोकांस धोका अधिक असतो. ज्यांचें वय साठीच्या पुढें आहे, ज्यांचीं मूत्रपिंडें अशक्त आहेत, ज्यांच्यावर मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस यांच्या रोपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि विशेषतः दमा, संधिवात इत्यादि विकारांसाठीं जे प्रेड्निसोलोनसारखीं स्टेरॉइड औषधें घेत आहेत, त्यांनीं अधिक जपावें. दुखणें कधीं पहिल्या कांहीं तासांतच सुरू होतें, पुष्कळदां पहिल्या दोन आठवड्यांत, तर कधीं गोळ्या संपून महिने लोटल्यावरही उद्भवतें. तें बहुधा टांचेच्या वर असतें व पुष्कळ वेळां दोन्ही पायांत एकदम येतें. खांदा, कोपर, मनगट अथवा आंगठा येथेंही येऊं शकतें. सकाळीं उठतांना पाय ताठणें, दाबल्यास दुखणें, सूज येणें, हीं त्याचीं लक्षणें होत.

समजा, एका घरांतील आजोबा दम्यासाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, आणि खोकला वाढला म्हणून त्यांस लेव्होफ्लॉक्सासिन दिलें आहे. चौथ्या दिवशीं त्यांची टांच दुखूं लागते. अशा वेळीं घरांत बहुधा दोन मतें पडतात. एक म्हणतो, “वयोमानानें दुखतें आहे, तेल लावून जोरानें चोळा, जरा फिरून या, म्हणजे पाय मोकळा होईल.” दुसरा म्हणतो, “औषध बाधलें. टाकून द्या त्या गोळ्या.” आमच्या मतें हीं दोन्ही मतें घातक आहेत. दुबळ्या झालेल्या दोरीस चोळणें, ताणणें व तिजवर भार देणें म्हणजे ती तुटण्यास वाट करून देणें होय. उलट, गोळ्या गुपचूप टाकून दिल्यास छातींतील रोग अर्धवट राहून बळावेल, आणि पाय कशानें दुखतो हें डॉक्टरांस कधींच कळणार नाहीं.

योग्य मार्ग तिसरा आहे. पायास तत्काळ विश्रांति द्यावी, पुढची गोळी घेण्यापूर्वीं त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें आणि, “या औषधानें कंडरा दुखते काय?” असें सरळ विचारावें. तें कारण आहे असें वाटल्यास डॉक्टर तें औषध थांबवून बहुधा दुसऱ्या कुळांतील प्रतिजैविक देतात. वेदनाशामक गोळ्याही आपल्याच विचारानें घेऊं नयेत. त्यांतील कांहींचा या औषधांशीं संयोग झाल्यास झटके येण्याचा धोका वाढूं शकतो. दुखऱ्या जागीं स्टेरॉइडचें इंजेक्शन घेणेंही अशा प्रसंगीं टाळावें.

यापुढील काळ धीराचा आहे. वेदना ओसरण्यास आठवडे, कधीं महिनेही लागतात. या काळांत अनवाणी चालणें, जिन्याची वारंवार चढउतार, धांवणें व उड्या वर्ज्य कराव्या. टांचेखालीं लहानशी उंच गादी असलेलें पादत्राण घातल्यास कंडरेवरील ताण हलका होतो. दुखणें अधिक असल्यास डॉक्टर पायास आधाराचा पट्टा किंवा बूट देतात. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावल्यास बरें वाटतें. तथापि कायमचें निजून राहणेंही हितकर नाहीं. कंडरेस बळ येतें तें हळूहळू वाढविलेल्या भारानेंच. म्हणून वेदना शमल्यावर भौतिकोपचार-तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं टांच सावकाश वर उचलण्याचे व खालीं आणण्याचे व्यायाम सुरू करावे. आज केलेल्या व्यायामानें उद्यां सकाळीं दुखणें वाढलें, तर तो व्यायाम जास्त झाला असें समजून एक पायरी मागें यावें.

एका प्रसंगीं मात्र क्षणाचाही विलंब करूं नये. टांचेच्या मागें कोणी लाथ मारल्यासारखें वाटलें, ‘कट्’ असा आवाज आला, आणि त्यानंतर चवड्यावर उभें राहतां येईना, तर कंडरा तुटली असावी असें समजावें. त्या पायावर भार न देतां रुग्णास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. तेथें पायास विशिष्ट स्थितींत जखडून अथवा शस्त्रक्रियेनें ती सांधतां येते. परंतु उशीर झाल्यास काम अवघड होतें.

हें सर्व वाचून या औषधांविषयीं कोणीं अकारण भीति धरूं नये. इतर औषधांस दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील उपचारांत लेव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचें स्थान मोठें आहे, आणि त्यांनीं पुष्कळांचे प्राण वांचतात. अशा रुग्णानें तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून एकही गोळी चुकवूं नये. आमचा आक्षेप आहे तो साध्या सर्दीपडशास, दुकानदारास विचारून किंवा शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांतून, हीं औषधें घेण्याच्या संवयीवर. सर्दी विषाणूंमुळें होते. तिजवर प्रतिजैविकांचा कांहींच उपयोग नाहीं. तेथें लाभ शून्य आणि धोका मात्र पदरीं येतो. लहान मुलांस तर हीं औषधें डॉक्टरही जपूनच देतात. कारण वाढत्या वयाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्या सांध्यांतील कूर्चेस इजा झालेली आढळली आहे.

ज्यास एकदां हा त्रास झाला त्यानें त्या औषधाचें नांव कागदावर लिहून जपून ठेवावें व पुढें प्रत्येक डॉक्टरास दाखवावें. औषधांच्या अशा दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठीं आपल्या देशांत २०१० सालापासून सरकारी योजना चालू असून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग तिचें काम पाहतो. रुग्णास स्वतःही तेथें कळवितां येतें.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील मंडळींचे डोळे कित्येकदां त्या बारीक अक्षरांस पुरत नाहींत; तुमचे पुरतात. आजी-आजोबांसाठीं नवीन गोळ्या आल्या म्हणजे वेष्टनावरील मूळ नांव त्यांस मोठ्यानें वाचून दाखवा. शेवटीं ‘फ्लॉक्सासिन’ आढळल्यास दोन गोष्टी विचारा: “तुम्ही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतां, हें डॉक्टरांस सांगितलें आहे ना?” आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळीं, “आज टांच दुखत नाहीं ना?” उत्तर होकारार्थी आलें, तर त्यांस चालूं न देतां प्रथम डॉक्टरांस निरोप पाठवा.