नाक : काही शब्द

उर्दूत ‘मेरी नाक’ म्हणतात, म्हणून वर्गात पुष्कळदा ‘माझी नाक’ ऐकू येते. मराठीत नाक नपुंसकलिंगी आहे. म्हणून माझे नाक, सरळ नाक, बसके नाक.

उर्दूतील ‘सुतवाँ नाक’ याला जवळचा मराठी शब्द म्हणजे ‘चाफेकळी नाक’. सोनचाफ्याची कळी पाहा. ती सरळ व निमुळती असते. गोष्टींतील नायिकांचे नाक बहुधा असेच असते. इतर नाके लेखकांना दिसत नसावीत! पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले नाक बाकदार, आखूड नाक अपरे, रुंद नाकपुड्यांचे ते फेंदारलेले. रागावल्यावरही माणूस नाक फेंदारतो.

‘नकटा’ हा शब्द मात्र जपून वापरावा. एखाद्या कामात अडचणींवर अडचणी आल्या, की ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ असे म्हणतात. तेथे कोणाच्या नाकाचा संबंध नसतो. एकदा वर्गात एका मुलाने शेजारच्या मुलीकडे पाहून ही म्हण म्हटली. सारे हसले. ती दोन दिवस ओढणीने नाक झाकून बसत होती. तिसऱ्या दिवशी त्याने तिची माफी मागितली.

स्वाध्याय : घरातील एका व्यक्तीच्या नाकाचे दोन वाक्यांत वर्णन करा. लिहून झाल्यावर ते त्या व्यक्तीला वाचून दाखवा.