अटलांटिकपारचा प्रवास आणि जहाजावरील जीवन

(द्वितीय वर्ष कला)

थोरामोठ्यांच्या परदेशगमनाची हकिकत आपण पुस्तकांतून वाचतो, तेव्हा ती बहुधा एका वाक्यात संपते : अमुक तारखेला अमुक बंदरातून निघाले आणि तमुक तारखेला तमुक बंदरात उतरले. निघणे आणि उतरणे यांच्यामध्ये जे दिवस गेले, ते कसे गेले असतील याचा विचार आपण सहसा करीत नाही. माणूस त्या दिवसांत काय खातो, कोठे झोपतो, कोणाच्या पंक्तीला बसतो, आजारी पडला तर काय करतो, हे प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतात. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात याच प्रश्नांवरून माणसाला जातीत ठेवायचे की जातीबाहेर टाकायचे, याचा निवाडा होत असे. म्हणून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजावरचे जीवन पूर्वी कसे होते आणि आज कसे असते, याचा थोडक्यात आढावा घेण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

वडगाव रासाईच्या माणसाला पाणी ओलांडणे म्हणजे भीमा ओलांडणे. या काठाला शिरूर तालुका आणि पलीकडच्या काठाला दौंड. नदीला कितीही पूर असला तरी पलीकडचा काठ डोळ्यांना दिसत असतो. अटलांटिकवर हा काठच नसतो. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरापासून न्यू यॉर्कपर्यंतचे अंतर तीन हजार सागरी मैलांहून अधिक आहे आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सरळ जाणाऱ्या जहाजाला या वाटेत एकही मुक्काम नसतो. एकदा बंदर सुटले की दुकान, दवाखाना, शेजार, देऊळ, जे काही असेल ते त्या जहाजावरच.

समुद्रबंदीचे खरे मूळ

समुद्रप्रवासाने मनुष्य पतित होतो, असे बौधायन धर्मसूत्रात सांगितलेले आहे. ही समजूत एकोणिसाव्या शतकातही पक्की होती आणि परतून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. बारकाईने पाहिले तर भीती केवळ पाण्याची नव्हती. जहाजावरचे अन्न कोणी शिजविले, पाणी कोणी भरले, पंक्तीला कोण बसले, स्नानसंध्या झाली की नाही, ही ती भीती होती. याला पुण्यातलाच दाखला आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला आणि त्या एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही त्या प्रकरणाची झळ लागली. जेथे एका पेल्याचे एवढे झाले, तेथे परक्यांच्या हातचे खाऊन आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या माणसाकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करता येते.

आनंदीबाईंचे आठ आठवडे

त्या पेल्याच्या सात वर्षे आधी एक मराठी मुलगी एकटी अमेरिकेला निघाली होती. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले, तेव्हा त्यांना अठरा वर्षे पुरी होऊन आठवडाच झाला होता. म्हणजे आपल्या वर्गातल्या बहुतेकांपेक्षा त्या वयाने लहान होत्या. पती गोपाळराव बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. इंग्लंडमार्गे प्रवास करून ४ जून १८८३ रोजी त्या न्यू यॉर्कला पोहोचल्या. प्रवासाला आठ आठवड्यांहून थोडे अधिक दिवस लागले.

निघण्यापूर्वी फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले होते. आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगून त्यांनी हिंदू म्हणूनच जाण्याचा आणि हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय बोलून दाखविला. सभागृहात टाळ्यांच्या गजरात असा निश्चय करणे एक आणि जहाजावर तो रोज तीन वेळा जेवणाच्या टेबलावर पाळणे दुसरे. जहाज म्हणजे असे गाव की तेथून उठून जाता येत नाही. न पटणारी माणसे सकाळ-संध्याकाळ समोर येतात. ज्यांच्या सोबतीवाचून प्रवास अशक्य, त्यांचाच धर्म वेगळा. अशा स्थितीत आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही आणि आपला वेषही टाकला नाही. त्यांच्या धैर्याची परीक्षा फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली असे आपण म्हणतो. माझ्या मते तिचा पहिला पेपर जहाजावरच झाला.

त्या काळच्या जहाजांवर पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि सर्वांत खाली 'स्टिअरेज' अशी विभागणी असे. पहिल्या वर्गाला दिवाणखाना आणि उत्तम जेवण. स्टिअरेजमध्ये युरोपातून अमेरिकेत पोट भरायला निघालेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने, फळ्यांच्या बिछान्यांवर झोपत. वारा वाढला की वर जाण्याची दारे बंद होत आणि खाली कोंदट हवेत माणसे ओकून बेजार होत.

फेब्रुवारी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आपली चिमुकली कन्या मनोरमा हिला घेऊन लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या. उत्तर अटलांटिकवर हे दिवस वादळांचे आणि कडक थंडीचे. अशा दिवसांत लहान मुलाला घेऊन निघण्याचे कारण एकच होते : ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळणार होती आणि त्या समारंभास रमाबाईंना उपस्थित राहायचे होते. त्याप्रमाणे त्या वेळेवर पोहोचल्या. पुढे १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत प्रसिद्ध केले. त्यांच्यामागून १९१३ च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर हे बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यू यॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्या समाजातील विद्यार्थ्याने महासागर ओलांडला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजचा प्रवास

१९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि जहाजांचे दिवस फिरले. १९५२ साली 'युनायटेड स्टेट्स' नावाच्या जहाजाने साडेतीन दिवसांच्या आत महासागर ओलांडून विक्रम केला होता, परंतु विमानाच्या काही तासांपुढे तोही फिका पडला. आज जहाजाने जाणारा प्रवासी पोहोचण्यासाठी जात नाही, जहाजावर राहण्यासाठी जातो. 'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून साउदॅम्प्टन ते न्यू यॉर्क या मार्गावर फिरते आणि साधारणपणे सात रात्री घेते. याखेरीज पर्यटनाची जहाजे वसंतात कॅरिबियन समुद्रातून युरोपकडे व शरदात उलट दिशेने नेली जातात, त्यांतूनही प्रवासी जातात. अशा प्रवासात बंदरे थोडी आणि समुद्राचे दिवस फार.

राहण्याच्या खोलीला केबिन म्हणतात. आतली बिनखिडकीची, खिडकीची आणि सज्जाची असे तिचे प्रकार, आणि त्याप्रमाणे भाडे. भाड्यात जेवण येते. मद्य, इंटरनेट, दवाखाना यांचे पैसे सहसा वेगळे. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचे खाते. शेवटच्या दिवशी हिशेब हाती पडतो, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडतात. व्याख्याने, नाटके, नृत्य, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव अशी दिवसभर करमणूक असते. काही संध्याकाळी ठराविक पोषाख करूनच भोजनगृहात जावे लागते. शाकाहारी जेवण आज आधी सांगितल्यास सहज मिळते. आनंदीबाईंना ज्यासाठी झगडावे लागले, ते आता अर्जातल्या एका रकान्यात बसते.

दिवसाच्या लांबीचीही गंमत आहे. न्यू यॉर्कचे घड्याळ इंग्लंडच्या मागे साधारण पाच तास असते. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात आणि तो दिवस पंचवीस तासांचा होतो. परतताना उलट, दिवस तेवीस तासांचे. विमानातून उतरलेल्याला झोपेचा जो त्रास होतो, तो जहाजावरच्याला फारसा होत नाही. भूगोलातले रेखावृत्त म्हणजे काय, हे येथे शरीराला समजते.

समुद्र आणि शरीर

बोट लागणे हा दुबळेपणा नव्हे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय आहे. ते सांगते की शरीर हलत आहे, तर केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळते. उपायही यातूनच निघतो. उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळ्यांची व कानांची साक्ष एक होते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी बसतात. पोट अगदी रिकामे ठेवू नये, कोरडे व हलके खावे. आजच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी यंत्रे असतात, त्यामुळे डोलणे कमी होते. तरी वादळ ते वादळच.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला लॅब्रॅडोरचा थंड प्रवाह आणि गल्फचा उष्ण प्रवाह एकत्र येतात, तेथे दाट धुके पडते. याच भागात १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे 'टायटॅनिक' हिमनगाच्या धडकेने बुडाले. त्यावर सर्वांना पुरतील एवढ्या जीवनौका नव्हत्या. त्या अपघातानंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला संकटकाळची कवायत करावीच लागते. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी जमायचे, हे त्यात शिकवतात. हा कार्यक्रम कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. त्याचा प्रत्येक नियम बुडालेल्या माणसांनी लिहिलेला आहे.

खालचे मजले

येथवर प्रवाशांचा विचार झाला. परंतु आपल्या भागातला कोणी तरुण अशा जहाजावर चढला, तर तो प्रवासी म्हणून चढण्यापेक्षा कामगार म्हणून चढण्याचा संभव अधिक. ही गोष्ट नवीन नाही. इंग्रजी आगबोटींवर कोकणातले खलाशी आणि गोव्याचे खानसामे पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांची नावे कोणत्याही प्रवासवर्णनात येत नाहीत. 'क्वीन मेरी २' वर प्रवासी सुमारे २,७०० आणि कर्मचारी सुमारे १,२००. म्हणजे सव्वादोन प्रवाशांमागे एक राबणारा. वरच्या मजल्यावर सज्जा व समुद्र, खालच्या मजल्यांवर बहुधा दोघांत एक लहान खोली, तीही बिनखिडकीची. जहाज एक आणि समुद्र एक, पण दोघांचा प्रवास वेगळा. करार काही महिन्यांचा असतो आणि तेवढा काळ सुट्टीचा वार असा नसतो.

यासाठी २००६ साली सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला व भारतानेही २०१५ मध्ये तो मान्य केला. त्याप्रमाणे कामगाराला चोवीस तासांत निदान दहा तास व आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट व खलाशाचे पुस्तक म्हणजे सीडीसी, एवढाच खर्च त्याने करायचा. खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. एवढे जरी ठाऊक असले, तरी जमीन गहाण ठेवून दलालाच्या हाती लाखो रुपये देण्याची पाळी कोणा बापावर येणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरात अर्ज वाचणारे आपणच पहिले, त्यांनी ही माहिती गावात सांगणे हे आपले कामच आहे.

समारोप

समुद्र ओलांडल्याने मनुष्य पतित होतो, असे आज कोणी म्हणत नाही. परंतु जहाजावर माणसाची परीक्षा होते, हे मात्र खरे राहिले आहे. नेहमीची माणसे, नेहमीचे अन्न, नेहमीची भाषा सुटली म्हणजे आपल्यात आपले असे काय उरते, ते तेथे कळते. आनंदीबाईंनी आपले पुष्कळ काही टिकविले, पण प्रकृती टिकली नाही. ऑक्टोबर १८८६ मध्ये क्षयाने खंगलेल्या स्थितीत त्यांनी परतीचा प्रवास केला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना मुलीप्रमाणे सांभाळणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. म्हणजे त्यांनी अटलांटिक एकूण तीनदा ओलांडला. पहिल्या खेपेस शिकण्यासाठी, दुसऱ्या खेपेस शिकलेले मायदेशी आणण्यासाठी आणि तिसऱ्या खेपेस दोन देशांतल्या दोन घरांचे नाते पुरे करण्यासाठी.