सडपातळ मुलाचे वजन : चिंता केव्हा, उपाय कोणता?

“मूल दिवसभर हुंदडते, पानावर बसून जेवतेही, पण खाल्लेले अंगी लागत नाही,” ही तक्रार शिक्षक-पालक सभेत आणि अंगणवाडीच्या दारात वारंवार ऐकावयास मिळते. तिला उत्तर देताना दोन प्रकारे गफलत होते. काही ठिकाणी ‘अंगकाठीच तशी’ असे म्हणून खरोखर खंगत चाललेल्या मुलाकडे दुर्लक्ष होते. तर काही ठिकाणी निरोगी, चपळ मुलाला गुबगुबीत करण्याच्या हव्यासापायी साखर, बिस्किटे आणि महागडी चूर्णे यांचा मारा केला जातो. या दोहोंतील फरक ओळखणे, हे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य या सर्वांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

नजर नव्हे, मोजमाप

मूल बारीक ‘दिसते’ यावरून काहीच ठरवता येत नाही. वयाच्या सहाव्या वर्षापासून पौगंडावस्थेपर्यंत मुलाचे वजन वर्षाला साधारणतः २ ते ३ किलोने व उंची ५ ते ६ सेंटिमीटरने वाढते. या गतीने वाढणारे मूल सडपातळ असले, तरी त्याच्या वाढीची वाट बहुधा योग्यच असते. म्हणून एका दिवसाच्या वजनापेक्षा वर्षभरातील नोंदी अधिक बोलक्या असतात.

वजन उंचीच्या मानाने पुरेसे आहे किंवा नाही, हे शरीर वस्तुमान निर्देशांकावरून कळते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, आठ वर्षांच्या एका मुलाची उंची १२५ सेंटिमीटर व वजन २२ किलो असेल, तर निर्देशांक सुमारे १४.१ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलग्यांसाठी कृशतेची सीमा सुमारे १३.३ आहे, म्हणजे हा मुलगा सडपातळ आहे, कृश नाही. त्याच उंचीच्या मुलाचे वजन २० किलो असेल, तर निर्देशांक १२.८ होतो आणि त्याची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. दोन किलोंचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो काट्यालाच दिसतो. मुलींसाठी व प्रत्येक वयासाठी तक्ता निराळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

वजन वाढावे, पण कशाचे?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. त्या गावांतील नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा सरासरीने सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. मात्र ही तूट स्नायूंमध्ये अधिक होती. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि पुढे मधुमेहासारख्या विकारांना ते पोषक ठरते. यास्तव आपल्याकडील मुलांचे वजन केवळ गोडधोड व तळलेल्या पदार्थांनी वाढवणे हितावह नाही. वाढावयास हवेत ते स्नायू आणि हाडे. आणि त्यासाठी पुरेशा उष्मांकांबरोबर प्रथिने, क्षार व व्यायाम यांची जोड लागते.

थोडक्या घासात अधिक सत्त्व

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० उष्मांक लागतात. फार धावपळ करणाऱ्याची गरज त्याहून अधिक असते. परंतु मुलाचे पोट लहान असते. पातळ वरण, नुसता भात किंवा चहात बुडवलेली पोळी यांनी पोट भरते, गरज भरत नाही. म्हणून घासांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक घासाचे सत्त्व वाढवावे, आणि तीन जेवणांच्या जोडीला दोन वेळा सकस न्याहारी द्यावी.

रोज सुमारे २०० उष्मांकांची भर घरच्या जिनसांतूनच घालता येते. २० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि १० ग्रॅम गूळ यांच्या एका लाडवातून सुमारे १५० उष्मांक व ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरीवर किंवा वरणात घातलेले एक लहान चमचाभर तेल अथवा तूप आणखी ४५ उष्मांक देते. एका अंड्यातून सुमारे ७० उष्मांक व ६ ग्रॅम प्रथिने, तर एका मध्यम केळ्यातून सुमारे १०० उष्मांक मिळतात. मोडाची मटकी, हरभऱ्याची उसळ, घट्ट पिठले, नाचणीची दुधातील खीर, दही हे पदार्थ आलटून पालटून द्यावेत. उसळीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. पाच वर्षांखालील बालकांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो, कूटच द्यावे.

मुलाला धाकाने भरवू नये. जबरदस्तीने अन्नाविषयी तिटकारा निर्माण होतो. तसेच ‘खेळून वाळतो’ म्हणून खेळ बंद करणे सर्वस्वी चुकीचे आहे. खेळाने भूक लागते आणि स्नायू बळकट होतात. शाळकरी वयात ९ ते १२ तासांची झोपही तितकीच आवश्यक आहे.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

वजन घटणे, तीन-चार महिने मुळीच न वाढणे, उंची खुंटणे, दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, वारंवार जुलाब, निस्तेज चेहरा, खेळताना धाप लागणे, अथवा तहान व लघवी अतिशय वाढून वजन उतरणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. घरात क्षयरोगी असल्यास अधिक दक्षता घ्यावी. भूक वाढवणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. जंतांमुळेही अन्न अंगी लागत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटाला दिली जाणारी गोळी चुकवू नये.

गावाची जबाबदारी

शालेय पोषण आहारातून प्राथमिक वर्गातील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या दैनंदिन गरजेचा हा सुमारे चौथा हिस्सा होय. उरलेले तीन हिस्से घरच्या चुलीवर अवलंबून असतात. त्यामुळे पालकांचे प्रबोधन हाही या कार्यक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

शिक्षकांनी वर्षातून किमान दोनदा प्रत्येक विद्यार्थ्याची उंची व वजन नोंदवावे आणि मागील नोंदीशी ताडून पाहावे. ज्यांची वाढ थांबलेली दिसेल, त्यांची नावे वर्गात जाहीर न करता पालकांना स्वतंत्रपणे सांगावी व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवावी. ग्रामपंचायतीने शाळेचा व अंगणवाडीचा वजनकाटा बिनचूक आहे ना, पिण्याचे पाणी शुद्ध आहे ना, शौचालयात व हात धुण्याच्या जागी पाणी आहे ना, याची पाहणी करावी. दूषित पाण्याने होणारा एक जुलाब कित्येक लाडवांचे सत्त्व वाया घालवतो.

सडपातळ पण सशक्त मुलाला सडपातळच राहू द्यावे. खंगणाऱ्या मुलाला मात्र एक दिवसही वाट पाहावयास लावू नये. हा विवेक करण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे एक काटा, एक मोजपट्टी आणि एक नोंदवही, प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहेत. त्यांचा नियमित उपयोग करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे पुरेसेही आहे.