गुडघा बदलला, आता राहायचं कुठं?

समजा, हिवरा आश्रम गावातल्या एका आजीचा गुडघा झिजला. डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलू." झिजलेला भाग काढतात. तिथं धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवतात. १९६२ साली इंग्लंडात डॉक्टर जॉन चार्नली यांनी खुब्यात असा सांधा बसवला. आज गुडघ्यातही बसवतात.

आजी तयार झाली. पण सून म्हणाली, "दवाखान्यातून थोड्याच दिवसांत सोडतील. मग आत्याबाई राहतील कुठं?"

सुनेनं खरं विचारलं. उठणं, बसणं, चालणं पुढं घरीच शिकायचं असतं. पहिले सहा आठवडे फार जपावं लागतं. पाय घसरला तर हाड मोडतं.

गावच्या घराचा उंबरठा उंच. संडास अंगणापलीकडे, तोही उकिडवं बसायचा. मेहकरला लेकीचं घर आहे. तिथं पायऱ्या नाहीत. संडास खुर्चीसारखा. दवाखाना जवळ.

आजी म्हणाली, "लेकीच्या घरी इतके दिवस? लोक काय म्हणतील?"

मुलगा म्हणाला, "आई, लोक बोलतील अन् विसरतील. तू पडलीस तर दुखणं तुलाच."

आजीनं मान हलवली.

अशी सोय नसेल, तर आपलंच घर नीट करा. खाट गुडघ्याहून थोडी उंच घ्या. वाटेतली सतरंजी काढा. रात्री दिवा ठेवा. संडासाची खुर्ची आणा. एक माणूस सोबत हवाच.

पोटरी सुजली, जखमेतून पू आला, ताप चढला, एकाएकी दम लागला, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

हे सारं शस्त्रक्रियेच्या आधी ठरवा.

सांगा पाहू : तुमच्या घरात दुखऱ्या पायाचा माणूस कुठं अडखळेल?